सारथी आपणच, जंगल क्रुगरचे!

सकाळचे सहा. स्कुकुझा कॅम्पच्या फाटकापाशी मोटारींची रांग लागलेली. थर्मासमध्ये चहा, मांडीवर नकाशा, मागच्या सीटवर अर्धवट झोपेतली मुले. फाटक उघडते आणि पहिल्याच वळणावर रस्त्याच्या मधोमध एक तरस उभे! गाडीत ना गाइड, ना जंगलखात्याचा ड्रायव्हर. काय करायचे ते घरच्यांनीच ठरवायचे.

दक्षिण आफ्रिकेच्या क्रुगर राष्ट्रीय उद्यानाची हीच तर गंमत. ताडोब्याच्या गाभा क्षेत्रात ठरलेली जिप्सी आणि गाइड घ्यावाच लागतो. इथे भाड्याची साधी मोटारही चालते. १९२७ मध्ये पर्यटकांच्या मोटारी प्रथम आत आल्या, त्या वर्षभरात अवघ्या तीन! वाहने आपल्यासारखीच डावीकडून चालवायची. आंतरराष्ट्रीय परवाना मात्र आरटीओतून आधीच काढून न्यावा.

बहुतेकांचा हिशेब चुकतो तो नकाशावर. बफर धरून ताडोबा सुमारे १,७२७ चौरस किलोमीटर. क्रुगरमध्ये असे अकरा ताडोबे मावतील. डांबरी रस्त्यावर वेगमर्यादा ताशी ५०, कच्च्या रस्त्यावर ४०. त्यात दर दहा मिनिटांनी कुणीतरी "थांबा, थांबा!" ओरडणारच. स्कुकुझा ते सातारा (होय, तिथेही एक सातारा आहे!) हे अंतर नव्वदेक किलोमीटर. आपल्याला वाटते दोन तास. प्रत्यक्षात अर्धा दिवस सहज जातो. रोज नवा कॅम्प गाठण्याचा बेत आखणारे जनावरांपेक्षा डांबरच अधिक पाहतात. पाच दिवस असतील तर दोनच कॅम्प पुरेत: नदीकाठचा लोअर साबी आणि गवताळ माळावरचा सातारा.

परतीची वेळ हा दुसरा फास. जून-जुलैत कॅम्पचे फाटक साडेपाचला बंद होते. उशीर झाला तर दंड, आणि त्याहून वाईट म्हणजे उशीर टाळण्यासाठी केलेली घाई. संध्याकाळी जनावरे रस्त्यावर येतात, नेमक्या तेव्हाच वेगात हाकणे आले! चार वाजता गाडीचे तोंड कॅम्पकडे वळलेले बरे. रात्रीचे जंगल पाहायचेच असेल तर उद्यानाच्या गाडीतली फेरी घ्यावी.

ठरावीक जागांखेरीज गाडीतून उतरायला सक्त मनाई आहे. लहान मुले बरोबर असतील तर हा नियम भलताच कठीण! म्हणून निघतानाच पुढची विश्रांतीची जागा नकाशावर हेरून ठेवावी. स्कुकुझा-लोअर साबी रस्त्यावर न्कुहलू आहे, तिथे स्वच्छतागृहही आहे आणि नदीही दिसते. मात्र डबा उघडताना माकडांवर नजर हवी.

आणि हत्ती. सिंह गाडीकडे ढुंकूनही पाहत नाही, पण हत्तीला वाट द्यावी लागते. पिल्लू आणि आई यांच्यामध्ये गाडी कधीही घालू नये. कान पसरून, डोके हलवत तो पुढे येऊ लागला तर हॉर्न नको, फोटो नको. गाडी सावकाश मागे घ्यावी. तेवढी जागा मागे राखूनच थांबावे.

जुलै ते सप्टेंबर हा कोरडा काळ. गवत विरळ होते, जनावरे पाणवठ्यांवर येतात. पहाटे मात्र स्वेटर हवाच. हा भाग मलेरियाचा असल्याने डॉक्टरांचा सल्ला आधीच घ्यावा. खोल्यांचे आरक्षण साधारण अकरा महिने अगोदर खुले होते. तिथल्या शाळांच्या सुट्ट्यांत जायचे तर तेव्हाच करून टाकावे.

राहता राहिला बिचारा गाडी चालवणारा. त्याचे डोळे रस्त्यावर, त्यामुळे बिबट्या सगळ्यांना दिसतो, त्याला नाही! त्याच्यासाठी निदान एक संध्याकाळ लोअर साबीजवळच्या सनसेट डॅमवर राखून ठेवावी. इंजिन बंद करून गाडी पाण्याकडे तोंड करून लावायची. पाणघोडे डुंबत असतात, काठावर मगरी पडलेल्या असतात, आणि कॅम्पचे फाटक तिथून जेमतेम चार मिनिटांवर.