अळवाची भावंडे

झाड कुठे आहे हे सांगणारी विशेषणे मराठीत पुष्कळ आहेत. अंगणातले, परसातले, दारातले, बांधावरचे, देवराईतले. घरातले झाड मात्र आपल्या भाषेत नव्हते. ‘घरात झाड उगवले’ असे एखाद्या जुन्या माणसासमोर म्हणून पाहावे. त्याच्या डोळ्यांपुढे पडक्या वाड्याची भिंत फोडून बाहेर आलेला पिंपळच उभा राहील. घरात झाड येणे ही घर ओसाड पडल्याची खूण होती. तुळसही अंगणातल्या वृंदावनात असते. उंबरठ्याच्या आत येते ती पूजेच्या तबकातले पान होऊन. ‘हाऊसप्लांट’ला आपल्याकडे प्रतिशब्द रुळला नाही, याचे कारण मला हेच वाटते. नर्सरीच्या पाटीवर ‘शोभेची झाडे’ असे लिहिलेले असते खरे, पण त्या शब्दात स्थळ नाही. नुसता आरोप आहे.

हा आरोप माझ्या आईच्या तोंडून मी रोज ऐकते. ती गुहागर तालुक्यातून २०२२ साली वर्सोव्यात माझ्याकडे राहायला आली. चौथ्या मजल्यावरच्या दिवाणखान्यात तेव्हा बारा-तेरा कुंड्या होत्या: मनी प्लांट, सिंगोनियम, स्नेक प्लांट, पीस लिली, एक मॉन्स्टेरा, एक रबर प्लांट, एक अ‍ॅलोकेशिया. तिने पहिल्याच दिवशी एकेका कुंडीपाशी उभे राहून विचारले, “ह्याला येतं काय?” फूल, फळ, शेंग, कंद, निदान औषधाला पान? काहीच येत नाही म्हटल्यावर ती एवढेच म्हणाली, “मग बसलेत कशाला?” आयुष्यभर ज्या बाईने झाडाला आणि माणसाला एकच प्रश्न विचारला, तिचा तो न्याय्य प्रश्न होता. अलीकडे तो ती दिवसातून चार-पाच वेळा विचारते. तिला स्मृतिभ्रंश आहे.

शोभेच्या पानांचे हे वेड मुळात थंड देशातले. १८२९ च्या सुमारास लंडनमधील नॅथॅनियल वॉर्ड या डॉक्टरने पतंगाचा कोष पाहण्यासाठी काचेच्या बंद बरणीत ओलसर माती घालून ठेवला. पतंगाचे काय झाले ते बाजूलाच राहिले. मातीतून नेचा आणि गवत उगवले, आणि लंडनच्या काजळलेल्या हवेत बाहेर तग न धरणारा तो नेचा बरणीत जगला. वॉर्डच्या काचपेट्या १८३३ मध्ये ऑस्ट्रेलियापर्यंत गेल्या. पुढे चीनमधली चहाची रोपे हिंदुस्थानात आली तीही अशाच पेट्यांतून. साम्राज्याच्या या हिरव्या वाहतुकीतच उष्ण कटिबंधातल्या जंगलांची पाने युरोपच्या दिवाणखान्यांत पोहोचली. ज्यांना गॅसच्या दिव्यांच्या धुरातही मरण नव्हते, अशी अ‍ॅस्पिडिस्ट्रासारखी झाडे तर कनिष्ठ मध्यमवर्गीय प्रतिष्ठेची खूणच होऊन बसली. जॉर्ज ऑर्वेलने १९३६ च्या आपल्या कादंबरीच्या नावातच तिला घेतले. आपल्याकडे तो मान बाटलीतल्या मनी प्लांटचा. दारूच्या रिकाम्या बाटलीत लावलेला आणि शोकेसभोवती खिळ्यांवरून फिरवलेला हा वेल मुंबईच्या मध्यमवर्गावर कुणी लिहील तेव्हा विसरू नये.

पण लंडनमध्ये झाड घरात घ्यावे लागते ते बाहेरच्या थंडीमुळे. वर्सोव्यात बाहेरची हवा या झाडांच्या माहेरचीच. तरी ती आत का? उत्तर साधे आहे: बाहेर जमीन नाही. आहे ती खिडकीची जाळी, आणि त्यापलीकडे समुद्र. वेसावे कोळीवाड्यात बांबूच्या मांडवांवर बोंबील ज्या वाऱ्यावर वाळतात, तोच वारा आमच्या पश्चिमेच्या खिडकीत येतो. बोंबलाला तो मानवतो, मॉन्स्टेराला नाही. पानावर मिठाचा अदृश्य थर बसतो, कडा तपकिरी होऊन कुरकुरीत होतात. आठवड्यातून एकदा ओल्या फडक्याने पाने पुसावी लागतात; खालची बाजू विसरायची नाही, कारण पिठ्या ढेकूण तिथेच बसतो. आमच्या सोसायटीत टँकरचे पाणी आले की दोन आठवड्यांत पानांची टोके जळू लागतात. महापालिकेचे, तलावातले पाणी त्यांना चालते. त्यात दुपारचे तिरपे ऊन. ही बहुतेक झाडे घनदाट अरण्याच्या तळाशी वाढणारी. तिथे जमिनीपर्यंत माथ्यावरच्या उन्हाचा शंभरातला एखाद-दुसरा अंशच पोहोचतो. म्हणून ती आमच्या अंधाऱ्या दिवाणखान्यात जगू शकतात. ती हवा शुद्ध करतात म्हणून ठेवावीत, हे मात्र आता कुणी सांगू नये. १९८९ च्या ‘नासा’च्या प्रयोगावरून ही समजूत पसरली, पण तो प्रयोग बंद पेटीतला होता. २०१९ मध्ये अशा प्रयोगांचा फेरहिशेब झाला, तेव्हा उघड्या खिडकीइतका परिणाम साधायला दर चौरस मीटरला किमान दहा आणि कदाचित हजार झाडे लागतील असे निघाले. एवढ्या झाडांत आम्हाला बसायला जागा उरणार नाही. असो.

आईच्या प्रश्नाला निदान मनी प्लांटपुरते शास्त्रीय उत्तर आहे. हा वेल मूळचा फ्रेंच पॉलिनेशियातल्या मूरेआ बेटावरचा, आणि तो जवळजवळ कधीच फुलत नाही. जिबरेलिन नावाचे संप्रेरक तयार करणारे एक जनुक त्याच्यात नीट काम करत नाही, हे २०१६ साली दाखवले गेले; बाहेरून ते संप्रेरक दिले की फूल येते. म्हणजे जगभरच्या बाटल्यांतले मनी प्लांट बीजातून आलेले नाहीत. एकाच्या फांदीतून दुसरा, दुसऱ्याच्या फांदीतून तिसरा, असेच ते पसरले. मी हे आईला सांगितले. ती म्हणाली, “म्हणजे वांझ.” मग थोडे थांबून, “पण वाढतंय हो छान.” आणि तिने त्याला पाणी घातले. त्या सकाळचे ते तिसरे पाणी होते.

इथून खरी अडचण सुरू होते. पाणी घालणे तिच्या हाताला आठवते. पाणी घातले, हे तिला आठवत नाही. साठ-सत्तर वर्षांची सवय असलेला हात सकाळी झारी शोधतो, आणि तो हात थांबवणे मला योग्य वाटत नाही. दिवसभरात तिच्या मनासारखे तेवढे एकच काम उरले आहे. पण कुंडीतल्या झाडाला तहानेपेक्षा जास्त पाण्याने मरण येते. मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांत हवा असते आणि मुळे त्या हवेवर श्वसन करतात. पोकळ्या सतत पाण्याने भरून राहिल्या की मुळे गुदमरतात, मग कुजतात. कुजलेले मूळ पाणी ओढू शकत नाही, म्हणून वर पान मान टाकते. तहानलेले पान आणि बुडालेले पान वरून सारखेच दिसते. आई ते मान टाकलेले पान पाहते, कळवळते, आणि पुन्हा पाणी घालते. तिच्या बाजूने विचार केला तर यात काहीही चूक नाही.

मी ‘पाणी घातले’ असे लिहिलेल्या चिठ्ठ्या लावून पाहिल्या नाहीत. स्वतःच्याच घरात कुणीतरी आपल्यावर शेरे मारून ठेवले आहेत असे तिला वाटले असते. झाडेच बदलली. स्नेक प्लांट आणि रबर प्लांट, ज्यांना दोन पाण्यांमध्ये माती वाळू द्यावी लागते, ती माझ्या अभ्यासाच्या खोलीत आली. (दोघांबद्दल ‘परदेशी’ म्हणून नाक मुरडण्याचे कारण नाही. रबर प्लांट हा ईशान्य भारतातला वड-पिंपळाचा भाऊबंद; मेघालयातले जिवंत मुळांचे पूल त्याच्याच मुळांचे. आणि स्नेक प्लांटची एक भारतीय बहीण म्हणजेच संस्कृत ग्रंथांतली मूर्वा असे काही अभ्यासक मानतात. तिच्या धाग्यांची प्रत्यंचा होत असे. ‘मौर्वी’ हा शब्द विद्यार्थ्यांना समजावताना मला आता कुंडीकडे बोट दाखवता येते.) मनी प्लांट आणि सिंगोनियम मातीतून काढून पाण्याच्या बाटल्यांत लावले, पाण्यातच फुटलेल्या मुळांना पाण्याचे वावडे नसते. बाटल्यांची तोंडे फडक्याने बांधते आणि पाणी दर रविवारी ओतून नवे भरते, नाहीतर डासांच्या अळ्या होतात; महापालिकेची माणसे पावसाळ्यात घरोघर नेमके हेच तपासतात. उरलेल्या कुंड्यांत माती कमी करून नारळाच्या शेंड्यांचे तुकडे आणि कोळसा घातला, म्हणजे पाणी थांबत नाही.

अ‍ॅलोकेशियाचा निर्णय मात्र एका दुपारी घ्यावा लागला. मी तासिका आटोपून घरी आले तेव्हा आई स्वयंपाकघरात विळीपाशी बसली होती. समोर डाळीच्या पिठाचा डबा, चिंचेचा कोळ, आणि अ‍ॅलोकेशियाची दोन मोठी पाने, शिरा सोललेली. तिला वड्या करायच्या होत्या.

तिची ओळख पटण्यात फारसे अंतर नव्हते. अ‍ॅलोकेशिया, मनी प्लांट, मॉन्स्टेरा, सिंगोनियम, पीस लिली ही सगळी अळवाच्याच कुळातली, सुरणही त्यातलाच. या कुळाच्या पानादेठांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. अळू खाजरे निघाले की घसा धरतो तो त्यामुळेच, आणि चिंच-कोकम घालून भरपूर शिजवायची आपली रीत त्यावरच बेतलेली आहे. पण खाण्याचे अळू पिढ्यान्‌पिढ्या निवडून आलेले असते. शोभेच्या भावंडांना ही निवड लाभलेली नाही, आणि त्यांनी तोंड, जीभ, घसा सुजून श्वास अडू शकतो. मी पाने उचलली. तिला वाटले मी तिच्या हातचे काम काढून घेतले. ती त्या दिवशी जेवली नाही, आणि का जेवली नाही हे संध्याकाळी तिलाही सांगता येईना. अ‍ॅलोकेशिया दुसऱ्या दिवशी एका मैत्रिणीकडे गेले.

त्याच आठवड्यात मी बाजारातून अळवाचे चार कंद आणले, काळ्या देठाचे, वडीचे. एका जुन्या बादलीला तळापासून वीतभर उंचीवर दोन भोके पाडली, चिखल केला, त्यात लावले. भोकांपर्यंतचे पाणी चिखलात राहते, त्यावरचे बाहेर येते. अळवाच्या देठांत हवेच्या पोकळ्या असतात; त्यांतून हवा मुळांपर्यंत उतरते. म्हणूनच ते पाटाच्या कडेला, न्हाणीच्या सांडपाण्यावर, भातासारखे साचलेल्या पाण्यातही वाढते. सकाळपासून पाच वेळा पाणी मिळाले तरी त्याची तक्रार नाही. आई झारी पानांवरच धरते. पानावर पाणी ठरत नाही. मेणाच्या बारीक उंचवट्यांवरून पाऱ्यासारखे घरंगळते. ‘अळवावरचे पाणी’ हा वाक्प्रचार मी वर्गात क्षणभंगुरतेचे उदाहरण म्हणून वर्षानुवर्षे शिकवत आले. पानापुरते ते खरेच आहे. बादलीत वाकून पाहिले तर घरंगळलेले पाणी देठाच्या बुडाशी जमलेले असते.

दिवाणखान्यातल्या उजेडात ही पाने पातळ आणि लांबुडकी होतात. वड्यांना लागणारी जाडी त्यांना येत नाही. बादली खिडकीशी सरकवली की उन्हाळ्यात कडा जळतात आणि जूनपासून वारा पाने फाडतो. तेव्हा ती महिन्यातून दोनदा आतबाहेर होते. गेल्या श्रावणात सात पाने निघाली, एका उंड्यापुरती. उंडा आईने बांधला. पीठ किती, गूळ किती, हे तिने मला एकदाही विचारले नाही. घसा कुणाचाही धरला नाही.

“ह्याला पाणी घातलंय का गं?” हे ती आत्ता, हा मजकूर लिहीत असतानाच, दारातून विचारून गेली.

“नाही आई. घाल.”