फ्यूज

गाडीतली फ्यूजची पेटी कुठे असते, असं विचारलं की बरेच जण नुसतं हसतात. बहुतेक गाड्यांत एक डॅशबोर्डखाली गुडघ्यापाशी, दुसरी बॉनेटमध्ये बॅटरीजवळ. कुठला फ्यूज कशाचा, ते बऱ्याचदा झाकणावरच छापलेलं असतं. लाल १० अँपिअरचा, निळा १५, पिवळा २०, हिरवा ३०. गाडी बंद करून फ्यूज उपसायचा, उजेडात धरायचा. आतली पट्टी तुटलेली दिसली की तेवढ्याच अँपिअरचा नवा बसवायचा. झालं!

गेल्या पावसाळ्यात ताम्हिणीत वायपर बंद पडले. शेजारी आई, समोर नुसता पाऊस. टपरीवरचा एक जण म्हणाला, "साहेब, सिगरेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळा, परत उडायचा नाही."

नेमकी हीच तर भीती! फ्यूज उडाला नाही, तर वायरिंग जळणार.

जवळचा जादा फ्यूज लावला. तो घाट उतरेपर्यंत टिकला, मग परत उडाला. मेकॅनिकने शोधलं, तर एक वायर घासून उघडी पडली होती.

घरात कुणी एकदम भडकलं की आपण त्याला गप्प करतो. चांदीच गुंडाळतो म्हणा ना. वायर कुठे घासतेय, हे मात्र कुणी बघत नाही...