कौलावरचं नाव

मालवणच्या जेटीवरून सुटलेल्या होडीत पायाशी जुनी कौलं रचलेली. सिंधुदुर्ग किल्ल्यात अजून घरं नांदती आहेत, त्यांतलंच एक शाकारायचं होतं. वरचं कौल पालथं होतं आणि त्याच्या पोटावर उठावदार इंग्रजी अक्षरं : बासेल मिशन.

"काकानू, कौलां खैची?"

"मालवणात एक जुना घर पाडल्यानी, थयची. होडये बंद होवच्या आदी चढवूक व्हयी."

बासेल मिशनने मंगळुरात कौलांचा कारखाना काढला तो 1865 साली. त्याआधी आमच्याकडे नळे. कुंभाराने चाकावर फिरवून उभे चिरलेले. दर वैशाखात ते परतायचे : ओळीने उतरवायचे, पाचोळा झाडायचा, माकडांनी फोडलेले बाजूला काढायचे, पुन्हा एकावर एक रचायचे. घरातला एकजण छपरावर, बाकीचे खळ्यात माना वर करून. मला अजूनही नळ्यांचंच घर आवडतं, दुपारचा तसला गारवा मंगळुरी कौलाखाली नाही. पण मंगळुरी कौल खाचेत घट्ट बसतं, दरसाल परतावं लागत नाही, म्हणून ते किनारा चढत इथवर आलं. पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी मिशनचे कारखाने शत्रूची मालमत्ता म्हणून ताब्यात घेतले आणि पुढे ते कॉमनवेल्थ ट्रस्टकडे गेले. छपरांवरच्या जुन्या कौलांना त्याचा पत्ताही नव्हता.

किल्ल्याचे धनीही बदलले. महाराजांनी 1664 साली कुरटे बेटावर पाया घातला. पुढे तो करवीरकरांकडे गेला. 1765 साली इंग्रजांनी घेतला, फोर्ट ऑगस्टस असं नाव दिलं, वर्षभरात परत केला, 1812 साली कायमचा घेतला. ऑगस्टस मालवणच्या तोंडात बसलाच नाही. दूधबाव, दहीबाव, साखरबाव ही नावं मात्र समुद्राच्या मधोमध गोडं पाणी देत टिकली.

किनाऱ्यावरच्या घरांचं दुखणं वेगळं. सातबारावर नावं वाढत जातात, छपरावर चढणारा कुणी उरत नाही. दोन-तीन पावसांत मातीची भिंत बसते, फणसाचे खांब विकले जातात. तरी चतुर्थीला मुंबईकर येतात. उघड्या जोत्यावर चार वासे रोवून, वर निळी ताडपत्री ओढून, माटवीला कवंडाळं आणि हरणाची फुलं बांधून गणपती आजोबांच्या जागीच बसवणारं कुटुंब मी पाहिलं आहे. रात्री भजनाला अख्खी वाडी लोटली आणि काळ्या वाटाण्याची उसळ दुसऱ्यांदा चुलीवर चढवावी लागली.