वाडगाभर रस्सा

कोल्हापुरास ज्याचा जन्म गेला त्याने दुसऱ्या गावचा रस्सा मुकाट्याने पिऊन उठावे, ही अपेक्षा सृष्टिनियमास धरून नाही. पांढऱ्या रश्श्याची वाटी पुढे आली की आम्ही मंडळी प्रथम तिचा वास घेतो, मग ती किंचित कलती करून तवंग कसा हलतो ते पाहतो, आणि त्यानंतरच ती ओठांस लावतो. हाडे पुरेशी शिजली आहेत की नाहीत, नारळाचे दूध मागाहून घाईने ओतले आहे काय, मिरी वाजवीहून अधिक झाली काय, हे सारे आम्हांस पहिल्या घोटात कळते; निदान कळल्याचा आव तरी आणता येतो. परंतु हे न्यायासन भुकेच्या पायांवर उभे असते, हे माझ्या ध्यानी फार उशिरा आले.

2023 च्या जूनमध्ये माझी पत्नी वारली आणि तिच्यामागून माझी भूकही गेली. शोक वगैरे मोठा शब्द मी वापरीत नाही. मी वेळेवर पानावर बसत असे, चार घास चिवडीत असे आणि ताट सरकवून उठत असे, इतकेच. ऑक्टोबरात मुलगी आली, तिने माझे अंगरखे मला कसे ढगळ होऊ लागले आहेत ते पाहिले, आणि काही न बोलता मला आपल्याबरोबर अमेरिकेत ओक्लाहोमा सिटी येथे सहा महिन्यांसाठी घेऊन गेली. तिच्या घरी मला काय कमी होते? वरणभात होता, आमटी होती, रविवारी कोंबडी होती. पण ती प्रत्येक पदार्थ आईच्या हातचा व्हावा म्हणून झटत असे. आणि तो जितका तसा साधे, तितका तो घास खाली उतरणे मला कठीण होई. हे तिला सांगणार कसे?

ओक्लाहोमा सिटी हे काही न्यूयॉर्क-शिकागोच्या पंक्तीचे शहर नव्हे. 2020 च्या शिरगणतीत त्याची वस्ती 6,81,054 भरली. म्हणजे आमच्या कोल्हापुराहून थोडे मोठे एवढेच म्हणायचे. मात्र ते ऐसपैस पसरले आहे इतके की, रस्त्याने पायी जाणारा मनुष्य दिसला तर त्याची मोटार कोठेतरी बिघडली असावी असेच लोक समजतात. सपाट मुलूख, तांबडी माती, तेलाच्या विहिरी आणि गुरांचा नामांकित बाजार. अशा गुरांच्या गावी गोमांस वर्ज्य असलेल्या गृहस्थाने घराबाहेर जेवायला जाणे म्हणजे समुद्रावर जाऊन पाय कोरडे ठेवण्याची शर्त लावण्यासारखेच आहे.

या गावात क्लासेन नावाचा हमरस्ता आहे. त्यावर विटांची एक चिमुकली तिकोनी इमारत असून तिच्या छपरावर पत्र्याची प्रचंड दुधाची बाटली उभी आहे. इमारत 1930 ची आणि बाटली 1948 साली बसवलेली. त्या बाटलीच्या आसपासच्या दुकानांवरच्या पाट्या वाचू लागलो तर अक्षरे रोमन, पण प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर, पायाशी टोप्या, ठिपके, आकडे! ती व्हिएतनामी लोकांची पेठ. आल्यानंतरच्या पहिल्याच रविवारी मुलीने मोटार तेथे थांबवली आणि म्हणाली, "बाबा, इथं शेवयांचा रस्सा चांगला मिळतो. कोंबडीचा आहे. दोन घोट घेऊन तर बघा."

दार उघडले मात्र, मी उंबरठ्यावरच थबकलो. वास ओळखीचा होता. ओळखीचा कसला, माझ्या स्वयंपाकघरातलाच होता! माझी पत्नी पुण्याकडची. दर वर्षी उन्हाळ्यात ती गोडा मसाला करी. धने, खोबरे, दगडफूल भाजून झाले की शेवटी दालचिनी, लवंगा आणि बाद्यान तव्यावर पडे, आणि त्या वासाने आमची सारी आळी जागी होई. तोच वास सात समुद्रांपलीकडच्या त्या परक्या खानावळीत, वाफेबरोबर माझ्या अंगावर आला. मागाहून विचार करता त्यात नवल काहीच नव्हते. आठ पाकळ्यांचे हे बाद्यान आपल्या सह्याद्रीत कोठे पिकते? व्हिएतनामच्या उत्तरेकडील लांगसोनच्या डोंगरांतून आणि त्याला लागून असलेल्या चीनच्या मुलखातूनच ते जगभर जाते. आमच्या घरच्या मसाल्याला मी आजवर अस्सल मराठी समजत आलो होतो. त्याचे आजोळ हे असे भलतीकडे निघाले.

मोठ्या वाडग्यात तांदळाच्या पांढऱ्या, चपट्या शेवया, त्यांवर पातळ काप, कांद्याची पात, आणि वरून ओतलेला कढत, नितळ, तपकिरी रस्सा. शेजारच्या ताटलीत मुगाचे लांब मोड, तुळशीच्या जातीचा पाला, लिंबाची फोड आणि हिरवी मिरची. मी घोट घेतला, दुसरा घेतला, आणि मग किती घेतले ते मोजायचे राहूनच गेले. वाडगा रिता झाल्यावर मी मुलीला विचारले, "आणखी थोडा मिळतो का गं?" ती काही न बोलता उठली आणि गल्ल्याकडे गेली. परत यायला तिला बराच वेळ लागला.

या पदार्थाचे नाव रोमन अक्षरांत वाचले तर कोणीही 'फो' म्हणेल. व्हिएतनामी माणसे मात्र 'फऽ' असे काहीसे म्हणतात, आणि तेही प्रश्न विचारताना आवाज जसा खाली जाऊन वर चढतो तशा स्वरात. मला तो उच्चार शेवटपर्यंत साधला नाही. पदार्थ शंभर-सव्वाशे वर्षांचा, उत्तरेत हनोई-नामदिन्हच्या बाजूचा. फ्रेंचांचे राज्य आल्यावर तेथे गोमांसाचा खप वाढला आणि उरलेली हाडे हातगाडीवाल्यांच्या मडक्यांत गेली. 1954 साली देशाची फाळणी झाली, तेव्हा आठ-दहा लाख माणसे उत्तर सोडून दक्षिणेत गेली व हा रस्साही त्यांच्याबरोबर सायगॉनला गेला; मोड, पाला आणि गोडसर चटण्या ही भर दक्षिणेची. पुढे 30 एप्रिल 1975 रोजी सायगॉन पडले. सव्वा लाखाहून अधिक माणसे त्या एका वर्षात अमेरिकेत आली. त्यांच्यासाठी उघडलेल्या चार छावण्यांपैकी एक ओक्लाहोमाला लागूनच असलेल्या आर्कन्सा राज्यात, फोर्ट चाफी येथे होती. छावणीतून बाहेर पडायचे तर कोणीतरी हमी घ्यावी लागे. ओक्लाहोमा सिटीतल्या चर्चसंस्थांनी आणि कुटुंबांनी अनेकांची हमी घेतली, आणि अशा रीतीने भातखाचरांतली माणसे या गव्हाच्या व गुरांच्या मुलखात येऊन रुजली. ज्यांचा सर्व संसार मागे राहिला त्यांनी हाडे, आले व बाद्यान मात्र येथेही शोधून काढले.

पुढचे तीन रविवार आम्ही त्याच खानावळीत गेलो. माझे अंगरखे पुन्हा अंगास बसू लागले. आता न्यायासन परत मिळाल्यामुळे मला इतर ठिकाणचे रस्से तपासून पाहण्याची इच्छा झाली. परीक्षेची कलमे मी मनाशी ठरवून टाकली होती. रस्सा नितळ हवा. गढूळ असेल तर मळी काढायचा आळस झाला, किंवा आच मोठी ठेवली असे समजावे. कांदा आणि आले विस्तवावर करपेपर्यंत भाजले असले पाहिजेत, त्याशिवाय रंग आणि तो खमंगपणा येत नाही. शेवया उकळत्या पाण्यातून क्षणभर बुचकळून काढलेल्या असाव्यात, त्यांचा लगदा झालेला नसावा. आणि गोडी हाडांची असावी, साखरेची नव्हे. अशा तयारीने पाचव्या रविवारी आम्ही दुसऱ्या एका खानावळीत शिरलो. वाढणारा तरुण मुलगा मोठा बोलका होता. मी माझ्या शाळामास्तरी इंग्रजीत त्याला सहज विचारले की, तुमचा हा कोंबडीचा रस्सा किती तास शिजतो? तो हसून म्हणाला, कोंबडीचा वेगळा रस्सा कोण करीत बसतो? रस्सा सगळ्यांना एकच, गाईच्या हाडांचा. वर काप मात्र मागाल त्याचे. बहुतेक ठिकाणी असेच असते.

मी चमचा खाली ठेवला. मुलीकडे पाहिले. ती ताटलीतले मोड मोजीत असल्यासारखी खाली पाहत होती.

परतताना मोटार त्या दुधाच्या बाटलीपाशी सिग्नलला थांबली. मी विचारले, "त्या पहिल्या ठिकाणीही तसंच होतं?"

"हो."

"तुला ठाऊक होतं?"

"आधी नव्हतं, बाबा. यादीच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिलं होतं. मी वाचलं तेव्हा तुमचा निम्मा वाडगा झाला होता." थोडे थांबून ती म्हणाली, "चार महिन्यांनी तुम्ही आणखी मागितलंत."

"आणि नंतरचे तीन रविवार?"

यावर तिने उत्तर दिले नाही. सिग्नल हिरवा झाला.

दोन दिवस मी तिच्याशी कामापुरते बोललो. वाचकांपैकी काहींना माझा राग क्षुल्लक वाटेल, काहींना तो फारच थोडा वाटेल; मी कोणाचीच समजूत घालू शकत नाही. पोटात गेले त्यापेक्षा, ते मला आवडले याचाच मला अधिक त्रास होत होता. ज्या वासावर मी भुललो तो माझ्या घरचा होता, आणि ज्या रश्श्याला तो येत होता तो माझ्या घरात कधी शिजला नसता. तिसऱ्या रात्री झोप येईना म्हणून उठलो, तो मुलगी स्वयंपाकघरात पाणी पीत उभी होती. तिला पाहताच मला एप्रिलमधली एक संध्याकाळ आठवली. तपासणीचा कागद खिशात घालून मी इस्पितळातून घरी आलो होतो आणि पत्नीला सांगितले होते, "काही विशेष नाही, शक्ती कमी झाली आहे, जेवत जा." ती त्या रात्री दीड भाकरी जेवली होती. त्या कागदात काय होते ते या मुलीला फोनवरून मीच कळवले होते, आणि आईला सांगायचे नाही असे बजावलेही होते. ती त्यातले अवाक्षर बोलली नाही. "झोप आता," एवढेच मी म्हणालो. दुसऱ्या दिवसापासून आमचे बोलणे पूर्ववत झाले. ती स्वतः बाहेर काय खाते हे मी विचारले नाही; तिनेही सांगितले नाही.

मग खरा शोध सुरू झाला. आता कलम एकच राहिले होते. मुलगी आत शिरताच बसण्यापूर्वी विचारी, "कोंबडीचा रस्सा कोंबडीचाच का?" एका ठिकाणी "चिकन, चिकन" म्हणून इतक्या जोरजोराने माना हलवल्या की आम्ही तसेच मागे फिरलो. एका ठिकाणी त्यांना आमच्या प्रश्नाचा रागच आला. एकाने प्रामाणिकपणे नाही म्हणून सांगितले व वर आम्हांस चहा पाजला. अशी पाच-सहा दारे झाल्यावर, धोब्याच्या दुकानाला खेटून असलेल्या एका अरुंद खानावळीत गल्ल्यावरच्या वृद्ध बाईने मुलीचा प्रश्न दोनदा ऐकून घेतला, माझ्याकडे नीट पाहिले, आणि तुटक इंग्रजीत म्हणाली, "आज नाही. शनिवारी सकाळी. उशिरा आलात तर संपेल."

शनिवारी आम्ही नऊलाच हजर झालो. हनोईत 1939 च्या सुमारास आठवड्यातून दोन दिवस गोमांस विकायला मनाई होती आणि त्या दिवसांत कोंबडीच्या रश्श्याचा जम बसला, असे सांगतात. तेव्हाच्या जुन्या खवय्यांनी नाके मुरडली म्हणे. वाडगा पुढे आल्यावर मला त्या खवय्यांविषयी सहानुभूती वाटली. रस्सा सोन्यासारखा नितळ होता, वर पिवळ्या तवंगाची बारीक नाणी फिरत होती, आल्याचा आणि धन्याचा मंद सुवास होता. पण बाद्यान जवळजवळ नव्हतेच. कोंबडीच्या हलक्या रश्श्याला तो दांडगा मसाला सोसत नाही. म्हणजे ज्या वासासाठी मी आलो होतो तो या खऱ्या रश्श्यात असणारच नव्हता! माझा चेहरा पडलेला मुलीने पाहिला. ती म्हणाली, "आवडला नाही?"

मी घोट घेतला. कोल्हापूरकर म्हणून सांगतो, त्यात नाव ठेवायला जागा नव्हती. हाडे नीट शिजली होती, आच मंद होती, गोडी कोंबडीची होती. त्यात माझ्या घरचे काहीही नव्हते. तो त्या बाईच्या घरचा होता. मी लिंबू पिळले आणि वाडगा संपवला. बाई फडके घेऊन शेजारचे मेज पुसत होती, पण तिचे लक्ष माझ्या वाडग्यात होते. रिता वाडगा उचलताना तिने तो थोडा कलता करून पाहिला. आमच्याकडे पाहतात तसाच.

मार्च संपेपर्यंत एकही शनिवार चुकला नाही. मुलीशी मी तिच्या आईविषयी जे काही बोललो ते त्या मेजावर बोललो. घरी ते जमले नसते. त्या तपासणीच्या कागदाचेही एकदा निघाले. "आईला ठाऊक होतं, बाबा," ती म्हणाली. "तिनं मला विचारलं होतं. मी 'हो' म्हटलं. तुम्हाला सांगू नकोस म्हणाली, तू सांगितलंस हे कळलं तर ते जेवायचे नाहीत." मी बराच वेळ शेवया ढवळीत बसलो. रस्सा निवला. बाईने न विचारता तो नेला आणि कढत करून आणला.

2024 च्या एप्रिलमध्ये मी कोल्हापुरास परत आलो. फडताळातला मसाल्याचा डबा मी दहा महिन्यांत उघडला नव्हता. मसाला सरत आला होता. शेजारच्या पुडीत मात्र न भाजलेली दोन बाद्याने शिल्लक होती, एक अख्खे आणि एक पाकळ्या झडलेले. मी कोंबडी आणली, हाडे वेगळी केली, पातेले चुलीवर चढवले आणि मुलीला फोन लावला. तिकडे रात्र झाली होती.

"पाणी उकळलंय," मी म्हणालो. "आता पुढं काय?"

"हाडं उकळून घ्या, आणि पहिलं पाणी टाकून द्या," ती झोपाळू आवाजात म्हणाली. "आणि बाबा, बाद्यान एकच घाला. अर्धंच घाला."