सर्वेक्षणाचे पैसे, सर्वेक्षणाची बातमी

मी शिकवतो अर्थशास्त्र, पण सहकारी माझ्याकडे येतात ते "सर, प्रस्तावाचं अंदाजपत्रक जरा बघता का?" म्हणून. रसायनशास्त्राच्या माणसाला यंत्राचे कोटेशन जोडता येते. आमच्याकडे जोडण्यासारखे असते ते प्रश्नावली घेऊन दारोदार फिरणाऱ्या एम. ए.च्या मुलांचे मानधन, त्यांचे एसटीचे भाडे, झेरॉक्स आणि डेटा एन्ट्री. रक्कम किरकोळ असते आणि कात्री लागते तीही इथेच आधी.

सगळ्यांत मोठे दार दिल्लीतल्या भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेचे. १९६९ साली ती स्थापन झाली तेव्हा धनंजयराव गाडगीळ तिचे पहिले अध्यक्ष होते, जे. पी. नाईक सदस्य-सचिव. पैसे हप्त्याहप्त्याने येतात. शेवटचा हप्ता मिळवायचा तर अंतिम अहवाल, लेखापरीक्षित हिशेब आणि 'जीएफआर १२-अ' नमुन्यातले उपयोगिता प्रमाणपत्र लागते. हा एक कागद वित्त विभागातून कुलसचिवांपर्यंत आणि तिथून परत, असा फिरत राहतो. पाड्यावर दुभाष्या म्हणून सोबत आलेल्या मुलाला रोख पैसे दिले असतील, तर त्याच्या अंगठ्याची पावती चालेल की नाही, एवढ्यावर फाइल आठवडेच्या आठवडे अडते. आमच्या विषयातले निम्मे कौशल्य सिद्धान्तात असेल. उरलेले व्हाउचर सांभाळण्यात आहे.

मग लोक म्हणतात, कंपन्यांकडे जा की, त्यांचा सीएसआर असतो. २०१३च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करायला लावले, हे खरे. पण त्या कायद्याची सातवी अनुसूची उघडून पाहावी. सरकारी विद्यापीठांतल्या संशोधनाला पैसे द्यायची सोय तिथे आहे. ती विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी आणि वैद्यक यांच्यासाठी. समाजशास्त्राचे नाव नाही. त्यामुळे स्थलांतरित ऊसतोड कुटुंबांचा अभ्यास कंपनीपुढे न्यायचा, तर तो 'शिक्षण' नाहीतर 'ग्रामीण विकास' या मथळ्याखाली बसवावा लागतो. कुणी याला लबाडी म्हणेल. मी मसुदालेखन म्हणतो. परदेशी देणग्यांची वाटही अरुंद झाली आहे. २०२०च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेला आलेली परकीय देणगी दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही; मोठ्या संस्थेमार्फत छोट्या केंद्रापर्यंत येणारा पैसा त्यामुळे थांबला.

पैसे आणि प्रसिद्धी या दोन वेगळ्या कामगिऱ्या आहेत, असे आपल्या विद्यापीठांत धरून चालतात. मला ते पटत नाही. वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांचा भारतातल्या दारिद्र्यावरचा अभ्यास घ्या. पैसे फोर्ड फाउंडेशनचे, संस्था पुण्याची. जानेवारी १९७१मध्ये तो 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'च्या लागोपाठच्या दोन अंकांत छापून आला, शिवाय त्याचे पुस्तकही निघाले. १९६०-६१च्या किमतींनुसार माणशी महिना खेड्यात १५ रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये, ही त्यांची रेषा. तिच्याखाली ग्रामीण भागातले सुमारे ४० टक्के आणि शहरांतले सुमारे ५० टक्के लोक होते. दोनच महिन्यांत 'गरिबी हटाओ'ची निवडणूक झाली. वेळ जुळून आली हे कबूल. पण वाद पेटला तो आकडे कुणालाही कळतील असे मांडले होते म्हणून. पंधरा रुपये कळायला पदवी लागत नाही.

आज आमचे अहवाल इंग्रजीत लिहिले जातात आणि विभागाच्या कपाटात राहतात. दर वेळी मी अंदाजपत्रकात 'मराठी सारांश व छपाई' असे एक कलम घालायला सांगतो. बहुतेक जण ते शेवटी खोडतात, कारण मूल्यांकनात गुण मिळतात ते शोधनिबंधाला.

वार्ताहरांशी बोलायचे पथ्यही ठरलेले आहे. बातमीला एकच निष्कर्ष द्यावा, तालुक्यांची नावे द्यावीत, किती घरांत विचारले हे पहिल्याच परिच्छेदात सांगावे. "यात धक्कादायक काय?" असा प्रश्न येतोच. धक्कादायक काही नसेल तर नाही म्हणावे. चारशे घरांवरून 'महाराष्ट्रातील निम्मे शेतकरी' असा मथळा निघाला, की पुढच्या वेळी त्या गावात पाऊल ठेवता येत नाही. जिल्हा आवृत्तीतल्या अर्ध्या कॉलमचा उपयोग मुंबईच्या परिसंवादापेक्षा जास्त होतो, असे माझे मत आहे. ते कात्रण जिल्हा परिषदेच्या बैठकीत कुणीतरी वाचून दाखवते, कधी त्यावरून नव्या पाहणीची विचारणा येते. पुढच्या प्रस्तावाला ते जोडता येते ते वेगळेच.

वाचकांनाही एक विनंती. प्रश्नावली घेऊन विद्यापीठाची मुले तुमच्या दारात आली, तर त्यांना अर्धा तास जरूर द्या. पण उठताना विचारा: या अभ्यासाचे पैसे कुणी दिले आणि निष्कर्ष आम्हाला मराठीत कधी मिळणार? दोन्हींची उत्तरे मिळेपर्यंत सोडू नका.