ग्योंगजू : सिल्ला राजांच्या नगरीत मोटारीने दोन दिवस

प्रवासाचे साधन बदलले की प्रवाशाची दृष्टीही बदलते. आगगाडीने जाणाऱ्याच्या लक्षात स्टेशने राहतात, यात्राकंपनीबरोबर जाणाऱ्याच्या लक्षात जेवणाच्या वेळा राहतात, आणि जो स्वतःच्या हाती मोटारीचे चाक घेऊन निघतो त्याच्या लक्षात वाट राहते. दक्षिण कोरियातील ग्योंगजू हे शहर असे आहे की, तेथील वाट हेच निम्मे प्रेक्षणीय स्थळ होय. गेल्या वसंत ऋतूत आम्ही ही वाट दोन दिवस मोटारीने आक्रमिली. तिचा वृत्तांत वाचकांस सादर करीत आहोत.

प्रथम या नगरीचे कुलवृत्त. परंपरेप्रमाणे इसवी सनापूर्वी ५७ मध्ये सिल्ला राज्याची स्थापना झाली आणि इ.स. ९३५ मध्ये त्याचा शेवटचा राजा शेजारच्या उदयोन्मुख सत्तेस शरण गेला. म्हणजे सुमारे हजार वर्षे एकाच राज्याची एकच राजधानी! आपल्या सातवाहनांच्या पूर्वकाळापासून राष्ट्रकूटांच्या उत्तरकाळापर्यंतचा हा विस्तार ध्यानी घेतला म्हणजे त्या दीर्घायुष्याची कल्पना येईल. सातव्या शतकात सिल्लाने प्रथम पेक्चे व नंतर कोगुर्यो ही दोन राज्ये जिंकली, आणि बहुतेक कोरिया या एका नगरीकडे पाहू लागला.

आमचे धाकटे बंधू नोकरीनिमित्त बुसान बंदरात राहतात. तेथून ग्योंगजू सुमारे ८० किलोमीटर आहे. सोल राजधानीहून जलद रेल्वेही सुमारे दोन तासांत तेथे पोहोचविते. परंतु बरोबर आमच्या मातोश्री होत्या. त्यांचे वय सत्तरीच्या पुढे, गुडघ्यांचे दुखणे जुने, आणि इच्छा एकच : डोंगरावरील दगडी बुद्धाचे दर्शन घ्यावे. तेव्हा मोटार भाड्याने घेणेच सोयीचे ठरले. परदेशी प्रवाशास त्यासाठी पासपोर्ट, मूळ परवाना आणि आपल्याकडील परिवहन कार्यालयातून काढलेला आंतरराष्ट्रीय परवाना अशी तीन कागदपत्रे लागतात. तेथे वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात व मोटारीचे चाक डाव्या हाताच्या आसनापुढे असते. नवख्याला वळणावर डाव्या बाजूस जाण्याचा मोह पडतो, म्हणून आमच्या सौभाग्यवतींनी "भावोजी, उजवीकडे हं!" असा जप सकाळभर चालविला होता. मार्ग दाखविणाऱ्या यंत्रात स्थळाचे नाव कोरियन लिपीत लिहिता आले नाही तरी अडत नाही. त्या स्थळाचा दूरध्वनी क्रमांक दाबला की पुरे.

महामार्गावर गाडी ताशी १०० किलोमीटरने धावते. पण ग्योंगजूच्या जकातनाक्याशी आलो तो त्याच्यावर जुन्या राजवाड्याच्या धर्तीचे कौलारू छप्पर! पुढे पेट्रोलपंप पाहावा तर त्याच्यावरही तशीच कौले. प्राचीन अवशेषांच्या आसपास उंच इमारती बांधण्यास बंदी असल्यामुळे आकाश मोकळे राहिले आहे. शाळांजवळच्या रस्त्यांवर वेगमर्यादा ताशी ३० किलोमीटर, शिवाय ठिकठिकाणी उंचवटे. तांबडा दिवा असता उजवीकडे वळावयाचे झाले तर आधी गाडी पुरती थांबवावी लागते. बंधू म्हणाले, "दादा, या गावात मोटार चालवायची नसते, चालायला लावायची असते." हे त्यांचे बोल पुढे दोन्ही दिवस आमच्या कानांत राहिले.

शहराच्या ऐन मध्यभागी हिरव्या टेकड्या दिसतात. आईंना वाटले, बागेसाठी मातीचे ढिगारे रचले असावेत. वस्तुतः त्या राजांच्या समाधी होत. देरुंगवोन नावाच्या एका आवारातच अशा २३ समाधी आहेत. त्यांतील सर्वांत मोठी जोडसमाधी १२० मीटर लांब आहे. आत लाकडी दालन, त्याच्यावर दगडांची रास व तिच्यावर मातीचा थर अशी रचना असे. लाकूड कुजले की दगड आत कोसळत, आणि मग चोराला आत शिरण्यास वाटच राहत नसे. त्यामुळे दीड हजार वर्षे आतील सोने शाबूत राहिले. १९२१ मध्ये एका घराच्या वाढीव बांधकामासाठी जमीन खणीत असता पहिला सुवर्णमुकुट सापडला. १९७३ मध्ये उघडलेल्या एका समाधीत आणखी एक सुवर्णमुकुट मिळाला, आणि भूर्जसालीच्या खोगीर-झालरीवर धावणाऱ्या शुभ्र दिव्य अश्वाचे चित्रही मिळाले. त्यावरून तिला चोन्माचोंग, म्हणजे दिव्य अश्वाची समाधी, असे नाव पडले. तिच्या पोटात शिरून रचना पाहता येते.

येथे एका गोष्टीचा विचार मनात आल्यावाचून राहिला नाही. या टेकड्यांच्या भोवती व मध्ये पूर्वी लोकांची घरे होती. समाधींचे आवार मोकळे करण्यासाठी ती उठविण्यात आली. लगतच्या चोकसेम भागातील वस्तीही पुढे हलवून तेथे उत्खनन हाती घेण्यात आले. आज प्रवासी गवतावरचे ऊन पाहून "किती रम्य!" असे म्हणतो. परंतु त्या गवताखाली जसे राजे आहेत, तशी कुणाची चुलीची जागा आणि कुणाचे अंगणही आहे. ज्यांची घरे राहिली त्यांनाही एक मजला वाढवावयाचा तर सरकारी नियमांचा विचार करावा लागतो. वारसा जपणे हे पुण्यकर्म खरे. पण त्या पुण्याचा खर्च एकट्या राजकोशातून होत नाही, तो सामान्य गृहस्थाच्या पदरातूनही होतो, हे पाहुण्याने विसरू नये.

समाधींपासून पायीच चोमसोंगदे वेधशाळेकडे जावे. सोनदोक राणीच्या कारकिर्दीत, म्हणजे ६३२ ते ६४७ या काळात, ही बांधली गेली. उंची सुमारे ९ मीटर, आकार सुरईसारखा, दगडांचे २७ थर, आणि मध्यावर एक चौकोनी खिडकी. १२ सप्टेंबर २०१६ रोजी या भागात ५.८ प्रतीचा भूकंप झाला, तेव्हा ती किंचित कलली, परंतु ढळली नाही. त्याच राणीच्या काळी ह्वांगन्योंगसा विहाराचा नऊ मजली लाकडी मनोरा उभा राहिला होता. तो १२३८ मध्ये मोंगलांच्या स्वारीत जळाला. आता तेथे विस्तीर्ण माळ आहे आणि त्यात खांबांचे दगडी पाये ओळीने मांडलेले आहेत. तेथील बुद्धमूर्तींविषयी कोरियन ग्रंथांत एक कथा आहे. आपल्या अशोक राजाला मोठ्या मूर्ती ओतवावयाच्या होत्या, पण त्या साधेनात. तेव्हा त्याने सोने व लोखंड जहाजात घालून समुद्रात सोडले. ज्या देशाचे भाग्य असेल त्याने मूर्ती घडवाव्या, हा हेतू. जहाज अखेरीस सिल्लाच्या किनाऱ्यास लागले, आणि ५७४ मध्ये तेथे मूर्ती सिद्ध झाल्या. अशोक व या मूर्ती यांच्यात आठ शतकांचे अंतर आहे, म्हणून इतिहास या दृष्टीने कथेस किंमत नाही. पण दूरच्या धाकट्या भावाने थोरल्याचे राहिलेले काम पुरे करावे, हा तिच्यातील भाव आम्हांस फार गोड वाटला.

वस्तुसंग्रहालयाच्या अंगणात ७७१ मध्ये ओतलेली सोंगदोक राजाची घंटा आहे. वजन जवळजवळ १९ टन. ती नादत नव्हती म्हणून ओतीव रसात एका बालकाचा बळी दिला, आणि तिच्या नादात आईला मारलेली हाक ऐकू येते, अशी दंतकथा आहे. मूळ घंटा जपण्यासाठी आता ठरावीक वेळी ध्वनिमुद्रित नाद ऐकवितात. तो ऐकून आई बराच वेळ स्तब्ध उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "आपल्या शिळासप्तमीच्या कहाणीत तळ्याला पाणी लागण्यासाठी मूल देतात. पण ते मूल परत मिळतं हो. इथे मिळालं नाही." आमच्यापैकी कोणी काही बोलले नाही.

त्या सायंकाळी ६७४ मध्ये खणलेल्या वोल्जी सरोवराकाठी दीपशोभा पाहिली. आहाराविषयी शाकाहारी वाचकांस दोन शब्द : भात, भाज्या व तीळतेल यांचे पिबिमपाप मांस वगळून मागता येते. मात्र किमची या लोणच्यात बहुधा मासळीचा अंश असतो. येथील ह्वांगनाम-पाव १९३९ पासून प्रसिद्ध असून त्यात तांबड्या कडधान्याचे गोड पुरण भरतात. पुरणपोळीचे हे दूरचे आप्त! पण पिठात अंडे आहे की नाही, हे आधी विचारून घ्यावे.

दुसरे दिवशी सकाळी पुल्गुक्सा विहार गाठला. ७५१ मध्ये किम देसोंग नावाच्या प्रधानाने त्याची भव्य उभारणी आरंभिली. १५९३ मध्ये जपानी स्वारीत लाकडी भाग भस्मसात झाला. दगडी जिने, चौथरे व दोन मनोरे मात्र वाचले. १९६९ ते १९७३ या काळात बाकीच्या इमारतींचा मोठा जीर्णोद्धार झाला. दोन मनोऱ्यांपैकी एक नक्षीदार, दुसरा अगदी साधा. साध्या मनोऱ्याच्या पोटात १९६६ मध्ये एक छापील धारणीसूत्र सापडले. जगात उपलब्ध असलेल्या जुन्यातील जुन्या छापील मजकुरांत त्याची गणना होते. समोरचे मेघांची नावे धारण करणारे जिने चढण्यास आता मनाई आहे. सर्वांनी बाजूच्या वाटेनेच जावे लागते.

पुल्गुक्साहून तोहाम डोंगराचा रस्ता नागमोडी वर चढतो. वळणे इतकी की, गाडी मंद चालविणे हाच एक उपाय. वरती वाहनतळ आहे, आणि तेथे मोटारीचा अधिकार संपतो. पुढे झाडीतून सपाट पायवाट. आईंनी एका हाताने काठी व दुसऱ्या हाताने सुनेचा हात धरून ती चालून पार केली. वाटेत आम्ही त्यांना किम देसोंगाची कथा सांगितली : त्याने पुल्गुक्सा बांधला तो या जन्मीच्या आईबापांसाठी आणि सोक्कुरामची गुहा रचली ती मागील जन्मीच्या आईबापांसाठी. काम पुरे होण्यापूर्वीच ७७४ मध्ये तो वारला व शेष काम राज्याने सिद्धीस नेले. आई हसून म्हणाल्या, "मागल्या जन्मीच्यांचं सुद्धा ऋण मानलं म्हणायचं!"

सोक्कुराम पाहताना महाराष्ट्रीय मनुष्यास कार्ले, अजिंठा आठवणारच. बौद्ध लेण्यांची कल्पना आपल्याकडून मध्य आशिया व चीनमार्गे तेथे गेली. परंतु आपल्या सह्याद्रीचा खडक आतून कोरता येतो, तोहामचा कठीण ग्रॅनाइट तसा कोरणे दुष्कर. म्हणून सिल्लाच्या शिल्पकारांनी दगड घडवून, जुळवून, वर घुमट चढवून लेणेच 'बांधले', आणि त्याला मातीने झाकले. आत सुमारे साडेतीन मीटर उंचीचा बुद्ध भूमिस्पर्श मुद्रेत पूर्व समुद्राकडे तोंड करून बसला आहे, आणि भिंतींवर आपले ब्रह्मा व इंद्र परिवारदेवता म्हणून उभे आहेत. याच सिल्लाचा ह्येचो नावाचा भिक्षू आठव्या शतकाच्या पूर्वार्धात हिंदुस्थानात येऊन गेला. दक्षिणेतील राज्याचे वर्णन त्याने केले आहे, व ते चालुक्यांचे असावे असे अभ्यासक मानतात. त्याच्या प्रवासवर्णनाचा खंडित भाग १९०८ मध्ये चीनमधील तुन्हुआंगच्या गुहांत सापडला आणि आज तो पॅरिसच्या ग्रंथालयात आहे.

१९१३ ते १९१५ या काळात जपानी अंमलात ही गुहा सुटी करून पुन्हा जोडताना सिमेंट वापरले गेले, आणि आत ओल धरू लागली. पुढे १९६० नंतर पुन्हा दुरुस्ती झाली. आता आतील हवा यंत्राने कोरडी ठेवतात आणि दर्शन काचेपलीकडून घ्यावे लागते. बंधूंचा हिरमोड झाला. ते म्हणाले, "आई, एवढ्या लांब येऊन काचेतून!" आईंनी हात जोडलेले तसेच ठेविले व शांतपणे म्हणाल्या, "अरे, आपला श्वाससुद्धा त्याला बाधतो, मग आपणच चार पावलं मागे उभं राहावं. पायांना हात लावला नाही म्हणून नमस्कार पोहोचत नाही का?"

त्या एका वाक्यात दोन दिवसांच्या प्रवासाचे सार आले. डोंगर उतरून आम्ही समुद्राकडे वळलो. ६८१ मध्ये वारलेल्या मुनमू राजाने 'मी सागरात नाग होऊन राज्याचे रक्षण करीन' अशी इच्छा प्रकट केली होती. किनाऱ्यालगतचे खडक हेच त्याचे समाधिस्थान मानतात. जवळच्या कामुन्सा विहाराच्या मुख्य मंदिराच्या जोत्याखाली त्या नागाला येता यावे म्हणून पोकळी ठेविली होती. मंदिर गेले, पोकळी व दोन मनोरे आहेत. वाळूवर काही कोरियन स्त्रिया मेणबत्त्या लावून प्रार्थना करीत होत्या.

२०२५ च्या शरद ऋतूत पॅसिफिक महासागराभोवतीच्या राष्ट्रांचे प्रमुख याच ग्योंगजूत परिषदेसाठी जमले होते. त्यानिमित्ताने शहराचे नाव जगभर गाजले. पण या नगरीचे मोठेपण पाहुण्यांच्या संख्येत नाही. येथे प्रत्येक जण काही तरी सोडतो : घरधनी आपला वरचा मजला, भाविक चरणस्पर्श, मोटारवाला आपला वेग. असे थोडेथोडे सोडल्यानेच हजार वर्षांचे धन टिकले आहे. ज्या वाचकांस तिकडे जाण्याचा योग येईल त्यांनी मोटार अवश्य घ्यावी, वडील मंडळींस अवश्य बरोबर न्यावे, आणि एका दिवसात सारे उरकण्याचा हट्ट मात्र घरीच ठेवून निघावे.