वर्गणीच्या वहीत कोणाचं नाव?

माणूस जमातीत का जातो, हा प्रश्न मी नांदेडला आणि लातूरला आमच्या अनेकांना विचारला. "बंधुभाव" असं उत्तर क्वचितच मिळालं. बहुतेकांनी एखादं अडलेलं कामच सांगितलं.

आम्ही पिंजारी. कापूस पिंजायचा, गाद्या-रजया भरायच्या, हा खानदानी धंदा. आमच्यातले कोणी स्वतःला नदाफ म्हणवतात, कोणी मन्सुरी. पुढे यंत्रं आली, फोमच्या गाद्या आल्या आणि पिंजण माळ्यावर गेली. धंदा संपला, जमात मात्र राहिली. अब्बा तिची वर्गणी महिन्याच्या महिन्याला भरत.

त्यांचं कारण एकच होतं, मय्यत. घरात कोणी गेलं तर कफन, कबर, जनाज्याला खांदा, शोकातल्या घराचं जेवण, यातलं काहीही मागायला जावं लागू नये. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधले कामगारही याच धास्तीने पै-पैसा साठवून मंडळांत भरत. सरकारी खर्चाने, गरिबाचं म्हणून पुरलं जाणं त्यांना नको होतं.

माझ्या पिढीचं कारण वेगळं आहे, कागद. मराठवाड्यात कितीतरी घरांच्या नावापुढे नुसतं 'शेख' असतं आणि शाळेच्या जुन्या रजिस्टरात जातीच्या जागी फक्त 'मुसलमान'. जालन्याच्या शब्बीर अन्सारींनी मुस्लिम ओबीसींची चळवळ उभी केली, डिसेंबर १९९४ मध्ये राज्य सरकारचा निर्णयही निघाला. पण सवलत घ्यायची तर जात सिद्ध करावी लागते, आणि ओबीसींसाठी पुरावा १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा हवा. १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात, त्यामुळे त्या काळचे कितीतरी कागद उर्दूत. मराठी शाळेत शिकलेल्या आमच्या पोरांना ते वाचता येत नाहीत.

माझ्या पुतणीने लातूरला राहून 'नीट'ची तयारी केली. मार्क चांगले पडले, घोडं अडलं ते जातवैधतेवर. शेवटी अब्बांच्या चुलतभावाच्या शाळेच्या उताऱ्यावर 'पिंजारी' ही नोंद सापडली. उर्दूतला तो उतारा जमातीतल्या एका निवृत्त मास्तरांनी वाचून दिला. त्या घराशी आमची ओळख टिकली होती ती जमातीतल्या लग्नांमुळेच. वंशावळ जुळली, दाखला मिळाला. त्या दिवशी अब्बांनी भरलेली सगळी वर्गणी वसूल झाली.

पण जमात देते तशी मागतेही. मुलगी कुठे द्यायची, कोणाच्या दावतीला जायचं, यावर तिची नजर असते. तिची मदत ज्याला लागते, त्याला तिच्या रागाचीही भीती असते. वाळीत टाकण्याविरुद्ध महाराष्ट्राने २०१६ साली कायदा केला, तो सगळ्याच जाती-धर्मांसाठी, कारण हे दुखणं एकट्या कोणाचं नाही. नमाजाच्या सफेत आपण कोणाची जात विचारत नाही. सफ मोडली की मात्र वही उघडते.

त्या वहीत बाईचं नाव नाही. अब्बांच्या माघारी वर्गणीचे पैसे अम्मी द्यायची, पिठाच्या डब्याखाली जपून ठेवलेले. पावती फाटायची माझ्या भावाच्या नावाने. जिला मुलगा नाही अशी विधवा, माहेरी परतलेली तलाकशुदा बाई कोणाच्या नावावर मोजायची? मदतीची सगळ्यात जास्त गरज तर तिलाच असते.

मी जमात सोडलेली नाही, वर्गणीही भरतो. मागच्या बैठकीत मी म्हटलं, पावती बाईच्या नावाने फाटू द्या, आणि बाहेर लग्न केलेल्याच्या मय्यतीलाही खांदा द्या. "बघू या," असं उत्तर आलं. पुढच्या बैठकीला मी आमच्या दोन मोहल्ल्यांतल्या एकट्या बायकांची यादी घेऊन जाणार आहे. यादीतलं पहिलं नाव अम्मीच्या मैत्रिणीचं आहे. तिने पहिल्या महिन्याची वर्गणी माझ्याकडे आधीच देऊन ठेवली आहे.